गठ्ठ्यावरची निळी रेघ

मे महिना लागला की नागपुरातली माणसं कूलर बाहेर काढतात, गेल्या वर्षीच्या ताट्यांना शिव्या देतात आणि नवा वाळा भरून घेतात. मी याच दिवसांत कपाटातला राखाडी स्वेटर काढते. घालत नाही. नुसता झटकते, बाह्या सरळ करते आणि परत ठेवून देते. घरातल्यांना वाटतं, आत्याला ऊन लागलं. भावजय लगेच कैरीचं पन्हं आणून देते आणि मी ते निमूट पिते, कारण खरं कारण सांगायला बसलं तर पन्हं गरम होईल.

तो स्वेटर मी भर मे महिन्यात घालत असे. रोज. बाहेर डांबर चपलेला चिकटायचं, लोक कानाला उपरणं गुंडाळून सायकली हाणायचे, आणि आम्ही पाच-सहा जण चपला दाराबाहेर काढून, स्वेटर चढवून यंत्राच्या खोलीत शिरायचो. ऐंशीच्या दशकाची ती पहिली वर्षं. परीक्षेचे निकाल तयार करून देणारं आमचं ते केंद्र. यंत्राला गारवा लागायचा, माणसांना नव्हे. वातानुकूलन त्याच्यासाठी होतं आणि सर्दी आमच्यासाठी. अजूनही कुठे वातानुकूलित दुकानात गेले की त्या गार हवेला मला पुठ्ठ्याचा वास येतो, नव्या, कोऱ्या, करकरीत कार्डांचा.

कार्डांबद्दल सांगायला हवं. हल्लीच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात. यंत्राला जे काही सांगायचं ते ओळीओळीनं सांगायचं, आणि एक ओळ म्हणजे एक कार्ड. हातभर नव्हे, वीतभर लांबीचं, भोकं पाडलेलं. निकालाचा प्रोग्रॅम म्हणजे अशा सहाएकशे कार्डांचा गठ्ठा, लांब पत्र्याच्या खोक्यात उभा लावलेला. एक कार्ड इकडचं तिकडे झालं की सगळं मुसळ केरात. म्हणून गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, निळ्या पेन्सिलीनं एक तिरकी रेघ ओढलेली असे. कार्ड जागचं हललं तर रेघ तुटे आणि नजरेला टोचे.

हे सगळीकडेच करत असतील. आमच्याकडे त्या रेघेला आणखी एक काम होतं, आणि ते लावलं होतं मुळे सरांनी. सर केंद्राचे प्रमुख, पुण्याहून आलेले, उन्हाला कायम भ्यालेले, खिशात कांदा ठेवणारे. त्यांचा नियम असा: प्रोग्रॅममधली ओळ बदलली की नवं कार्ड आत घालायचं. जुनं टाकायचं नाही, रबर लावून ठेवायचं. फेरफार-वहीत तीन गोष्टी लिहायच्या, जुनी ओळ काय होती, नवी काय आहे, आणि का. जुनी ओळ खोडायची नाही, ती वहीत तशीच राहिली पाहिजे. मग तो गठ्ठा दुसऱ्याच्या टेबलावर ठेवायचा. नव्या कार्डाची कड पांढरी असते, त्यामुळे रेघेत तेवढ्या जागी फट दिसते. दुसऱ्यानं त्या फटी मोजायच्या, वहीशी ताडायच्या, आणि बदललेल्या ओळी मोठ्यानं वाचायच्या. ज्यानं बदल केला त्यानं त्या वेळी शेजारी बसायचं, पण तोंड उघडायचं नाही. एक शब्द नाही. कारण तोंड उघडलं की माणूस आपल्या मनातलं सांगतो, कार्डावरचं नाही. वाचून पटलं तर त्या दुसऱ्यानं वहीत सही करायची आणि त्यानंच नव्या कार्डाच्या कडेवर निळी पेन्सिल फिरवायची. फट बुजली म्हणजे कुणीतरी पाहिलं. सलग रेघ दिसली की यंत्रावर काम करणारा माणूस काही न विचारता गठ्ठा उचलून नेई.

आपल्या कार्डावर आपण रेघ ओढायची नाही. चूक केली तर सर रागावत, पण विसरत. हे मात्र चालत नसे.

मला तो नियम पहिल्याच दिवशी कळला, कारण तो आमच्या घरचाच होता. बाबा विणकर. गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत आमचं घर, पुढच्या खोलीत माग, आणि दिवसभर खटखट. लुगडं मागावरून उतरलं की बाबा ते घडी करत नसत. शेजारच्या काकांना हाक मारत. काका डोळे मिटून त्या लुगड्यावरून हात फिरवत, आणि कुठे गाठ लागली की थांबत. बाबांनी इतके तास ते कापड हाताळलेलं, त्यांना ती लागलेली नसे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आपली गाठ आपल्या बोटाले लागत नाही वं पोरी. दुसऱ्याचाच हात लागते त्याले."

हे सगळं मी इतक्या दिमाखात सांगते आहे, जणू मी त्या नियमाची पुजारीण होते.

आता सायलीची गोष्ट. सायली माझी भाची, भावाची मुलगी, मिहानमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. आठवड्यातून दोन दिवस घरूनच काम करते. परवा दुपारी कूलरसमोर पाय पसरून बसली होती, एका हातात तर्री-पोह्यांची बशी. मांडीवरच्या पडद्यावर दोन रकाने होते, डावीकडे लाल ओळी, उजवीकडे हिरव्या.

"हे काय गं?"

"एकानं कोड बदललं आत्या. लाल ते जुनं, हिरवं ते नवं. मी पाहून हो म्हटलं की पुढे जाते."

मी चष्मा लावून वाकले. चाळीस वर्षांनी माझी फेरफार-वही माझ्यासमोर उघडली होती, शाईचा डाग नाही, घामाचा ठसा नाही. जुनी ओळ, नवी ओळ, खाली कारण, त्याखाली पाहणाऱ्याच्या सहीची जागा. मला इतका आनंद झाला की मी तिच्या खांद्यावर थाप मारली. आणि तेवढ्यात तिनं बशीतली शेव तोंडात टाकत बोट दाबलं. सही झाली.

"वाचलंस कधी?"

"विक्रमचं आहे ते. त्याचं बरोबरच राहते."

"पण वाचलं नाहीस ना."

"आत्या, तू काहून एवढं टेन्शन घेऊन राहिली?"

मी उठून आत गेले. स्वेटर काढला, झटकला, परत ठेवला. परत काढला. त्या दिवशी पन्हं आलं तेव्हा मी भावजयीवर उगाच ओरडले. दोन दिवस घरात येरझारा घातल्या, रात्री कूस बदलत राहिले. शेवटी कागद घेऊन बसले. 'त्याचं बरोबरच राहते' हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. माझ्याच मनात.

आमच्याकडे रामटेके होते. माझ्याच वयाचे, तात्पुरत्या नेमणुकीवर आलेले, जूनअखेर कायम होणार होते. नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतले. छप्पन साली वडिलांच्या खांद्यावर बसून ते दीक्षाभूमीवर गेले होते. आठवतं काय तर नुसते पांढरे कपडे, असं सांगत. घरातला पहिला पदवीधर, आणि गणित असं की आम्ही कागदावर करायचो ते रामटेके जिना उतरताना करत. रोज चार वाजता आम्ही सगळे खाली टपरीवर चहाला जायचो. तिथे ते मला कोडी घालायचे आणि मी हरायचे. त्यांची कार्डं वाचायला मला आवडायचं, कारण त्यांत चूक सापडत नसे. हीच तर गंमत. ज्याच्यात चूक सापडत नाही त्याचं वाचणं हळूहळू सुटतं.

त्या वर्षी नवा नियम आला होता. एखाद्या विषयात आधीच पास झालेल्या मुलांना तो पेपर पुन्हा द्यायचा नव्हता, त्यांना सूट होती. त्यासाठी रामटेकेंनी चार कार्डं बदलली आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मॅडम, दुपारच्याले बसू आपण," ते म्हणाले. "सूटवाल्या पोरांचं जरा बारीक पाहजा. मले तिथंच शंका आहे." वहीतही त्यांनी तेच लिहिलं होतं.

जेवणाची सुट्टी होती. खोलीत कुणी नव्हतं. मी उठले आणि माझा पदर खोक्याच्या पत्र्यात अडकला.

सहाशे कार्डं जमिनीवर पडतात तेव्हा फार आवाज होत नाही. कुणीतरी धान्य ओतावं तसा होतो. मी तिथेच उभी राहिले आणि पहिला विचार मनात आला तो निकालाचा नव्हता. मी त्या केंद्रात पहिली बाई. रुजू झाले त्या दिवशी हेडक्लार्क हसत म्हणाले होते, "पदर सांभाळा बरं, यंत्रात जाईल." सगळे हसले होते, मीही हसले होते. आणि आता नेमका पदरच. मी दार लोटून घेतलं, गुडघ्यावर बसले आणि कार्डं गोळा केली. त्यांच्यावर क्रमांक असतात, लावून घेतली. वीसेक कार्डं दुमडली होती, एकदोन तर माझ्याच पायाखाली आली होती. यंत्र ती घेणार नाही म्हणून पंचिंगच्या मशीनवर त्यांच्या जशाच्या तशा नकला काढल्या. त्यात काही लबाडी नव्हती, ओळी त्याच होत्या.

पण नकलांच्या कडा पांढऱ्या. रामटेकेंची चार धरून रेघेत पंचवीसेक ठिकाणी फटी. सर आले असते तर एका नजरेत विचारलं असतं, हे काय झालं?

मी जुन्या रेघेवरच फूटपट्टी ठेवली आणि एका दमात नवी रेघ ओढली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुंदर, सलग. तिच्याखाली रामटेकेंची चार कार्डंही बुजली. मला माहीत होतं. जेवण झालं की वाचूच की, असं मनात म्हटलं, आणि माठावर तोंड धुवायला गेले. परत आले तर टेबलावर गठ्ठा नव्हता. काचेपलीकडे यंत्र कार्डं गिळत होतं, खडखड, खडखड. यंत्रावरच्या माणसानं सलग रेघ पाहिली आणि उचलून नेला. त्याची काय चूक?

दार उघडून 'थांबा' म्हणायला चार पावलं होती. मी ती चालले नाही. मनात म्हटलं, रामटेकेंचं आहे. त्यांचं बरोबरच असतं. रामटेके जेवून आले तेव्हा त्यांना म्हटलं, "पाहिलं मी." सही मात्र केली नाही. ती करायला हात धजला नाही, एवढीच काय ती माझी अब्रू.

जूनच्या पहिल्या आठवड्यात निकाल लागला. तीन-चार दिवसांनी काटोलहून एक माणूस मुलीला घेऊन खिडकीवर आला. संत्र्याच्या बागेत राबणारा, बसनं आलेला, पायजम्याला रस्त्याची धूळ. मुलगी मागे उभी, ओठ घट्ट मिटलेले. "साहेब, इनं गणित मागच्याच साली काढलं. यंदा पेपर द्यायचाच नव्हता तिले. मंग हे शून्य आलं कुठून?" सरांनी गुणपत्रिका हातात घेतली आणि कांदा खिशातून काढून टेबलावर ठेवला. ते फार अस्वस्थ झाले की असं करत.

तासाभरात कळलं. सूट असलेल्या विषयाच्या जागी गुण नसतात, जागा रिकामी असते. त्या चार कार्डांत रिकामी जागा म्हणजे शून्य धरलं गेलं होतं. मोठ्यानं वाचलं असतं तर पहिल्याच वाचनात सापडली असती अशी चूक. मुलांचे निकाल आठवड्याभरात दुरुस्त झाले, काटोलच्या मुलीला नवी गुणपत्रिका टपालानं गेली. ती पास होती, चांगल्या गुणांनी. तिचा तो आठवडा कसा गेला असेल हे मी खूपदा मनात रंगवलं आहे.

त्याच दुपारी सरांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. टेबलावर वही आणि गठ्ठा.

"रामटेके, पाहणाऱ्याची सही नाही."

"मी वाचायला ठेवलं होतं सर."

"मग यावर रेघ कुणी ओढली?"

"मी नाही ओढली सर."

"मग काय यंत्रानं ओढली?"

मागून हेडक्लार्क हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "भरती करताना पाहायला पाहिजे होतं. असे लोक घेतले की असंच." मला ते ऐकू आलं. रामटेकेंनाही आलं, त्यांचे कान लाल झाले. ते खाली बघत राहिले. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. माझ्या हातात नव्या कार्डांची एक चळत होती आणि मी ती सारखी ठोकून सरळ करत होते, ती केव्हाच सरळ झाली होती तरी. तोंड उघडायचं नाही हा नियम मी असा पाळला.

मी बोलले असते तर काय झालं असतं? पदराचा विनोद चार महिने चालला असता. फार तर एक ताकीद मिळाली असती. नोकरी गेली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. आणि हेडक्लार्कचं ते वाक्य, ते तर माझ्याच गप्प बसण्यावर उभं होतं. लाज वाटली, तरी मी गप्प. जूनअखेर रामटेकेंची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. चुकीसाठी नव्हे, आपल्या कार्डावर आपणच रेघ ओढली म्हणून. जाताना त्यांनी त्यांची निळी पेन्सिल माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं, आठवण म्हणून.

ते उमरेडला शाळेत गणित शिकवायला लागले. पुढे दोनदा दिसले, एकदा बर्डीच्या बाजारात, एकदा कुणाच्या तरी लग्नात. हसून नमस्कार केला. मीही केला. यंत्रं बदलली, कार्डं रद्दीत गेली, गठ्ठ्यांची खोकी लकडगंजला भंगारात निघाली. मी खातेप्रमुख होऊन निवृत्त झाले. आणि रेघ मी ओढली होती हे रामटेकेंना कधीच कळलं नाही. त्यांना वाटलं असेल, यंत्रावरच्या माणसाचं काम. एवढ्या एका गोष्टीवर मी चाळीस उन्हाळे काढले.

इथवर लिहून झालं आणि सायलीला वाचायला दिलं. तिनं या वेळी खरंच वाचलं, पोहे बाजूला ठेवून. मग म्हणाली, "आत्या, हे तू मले काहून देते? ज्याचं आहे त्याले दाखव ना." आणि तिनंच त्यांचा पत्ता शोधून काढला. निवृत्तीनंतर ते परत इंदोऱ्यात आले होते.

काल गेले. दुपारी, कारण संध्याकाळपर्यंत धीर टिकला नसता. दार त्यांनीच उघडलं. केस पांढरे, बाकी तेच. "अरे, पराते मॅडम! या, या. एवढ्या उन्हाच्या?" पाणी दिलं, गूळ दिला. मी आठ कागद पुढे केले. त्यांनी वरचं शीर्षक वाचलं, माझ्याकडे पाहिलं, उठून चष्मा आणि पेन्सिल आणली. आणि मोठ्यानं वाचायला लागले. जुन्या नियमानं. मी शेजारी बसले, तोंड मिटून.

पदराच्या जागी त्यांचा आवाज जरा थांबला. हेडक्लार्कचं वाक्य त्यांनी सपाट, इतर ओळींसारखंच वाचलं. कूलरमधलं पाणी टपटपत होतं. मग शेवटच्या पानावर ते अडले. पेन्सिल टेकवली आणि समासात काहीतरी लिहिलं. कागद माझ्याकडे फिरवला.

'रामटेकेंना कधीच कळलं नाही' या ओळीशेजारी लिहिलं होतं: मले माहीत होतं.

माझ्या तोंडून नियम मोडून शब्द निघाला. "कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. सरांनी विचारलं अन् चार वाजता तुम्ही चहाले खाली आल्या नाही." त्यांनी चष्मा काढला. "मले वाटलं, उद्या येतील अन् सांगतील. मी जूनअखेरपर्यंत रोज टपरीवर थांबलो, चार ते सव्वाचार."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. आतून रामटेके वहिनींनी चहा आणला, तो मी घेतला. मग मी त्यांची पेन्सिल उचलून ती ओळ खोडायला लागले, तर त्यांनी कागदावर हात ठेवला.

"खोडू नका. जुनी ओळ तशीच ठेवा लागते. विसरल्या का?"

"मग सही तरी करा. वाचलं ना तुम्ही."

त्यांनी आठही कागद एकत्र केले, टेबलावर ठोकून कडा जुळवल्या. त्यांचा हात पेन्सिलीकडे गेला असं मला वाटलं. "नाही मॅडम," ते म्हणाले. "मी या गोष्टीच्या आतमध्ये आहो. जो आतमध्ये आहे त्यानं रेघ ओढायची नाही. दुसऱ्या कोणाले तरी वाचाले द्या."

म्हणून हे कागद आहेत तसे तुमच्या हाती देते आहे. ती ओळ आहे तिथेच आहे, शेजारी त्यांचे तीन शब्द आहेत. कडा पांढऱ्या आहेत.